वेगाचा आनंद आणि वाटेवरचा शेजारी

मागील नाताळच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांस भेटावयास आला. गेली काही वर्षे तो इटलीत, बोलोन्या शहराच्या परिसरातील एका यंत्रांच्या कारखान्यात अभियंता म्हणून काम करतो. वेदीपाशी घंटा वाजविणारा आणि मेणबत्त्या विझविताना हमखास बोट भाजून घेणारा हा मुलगा आता तिशी ओलांडून गेला, हे आम्हांस खरेच वाटेना. चहा झाला, आईच्या गुडघेदुखीची चौकशी झाली, तिकडच्या थंडीचे वर्णन झाले, तरी त्याचा पाय निघेना. अखेर दाराशी उभा राहून, पायांतील वहाणांकडे पाहत तो म्हणाला, "फादर, एक विचारू का? वेगाने मोटार हाकण्यात मला फार आनंद होतो. हे पाप आहे काय?"

आम्ही त्यास पुन्हा खुर्चीवर बसविले. असा प्रश्न उंबरठ्यावर सोडविण्याचा नसतो.

त्याने सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. (ती पापनिवेदनातील नव्हे, आणि येथे सांगण्यास त्याची संमती आहे, हे वाचकांस आधीच सांगितले पाहिजे.) चार-पाच वर्षे काटकसर करून त्याने एक वापरलेली स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. रविवारची सकाळची मिस्सा आटोपली की तो बोलोन्याहून फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या जुन्या घाटरस्त्याने निघे. असाच एका शरद ऋतूतील सकाळी तो चेस्टनटच्या दाट झाडीतील एका वळणावर मनासारख्या वेगाने शिरला, आणि वळणाच्या पलीकडे रस्त्याच्या मधोमध टोपली घेतलेला एक म्हातारा उभा होता. मोटार थांबली ती त्याच्यापासून दोन हातांवर. म्हातारा रागावला नाही, ओरडलाही नाही. तोल सावरण्यासाठी त्याने मोटारीच्या पुढच्या पत्र्यावर हात टेकला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग सावकाश पलीकडे गेला. "फादर, पत्र्यावरच्या धुळीत त्याच्या पंजाचा ठसा उमटला होता," तरुण म्हणाला. "पंधरा दिवस मला तो पुसवेना."

त्या दिवशी आम्ही त्यास जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे आम्हांस त्याच रात्री जाणवले. तेव्हापासून या विषयावर जे वाचले आणि ज्याचा विचार केला, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारी अशी मोटार उभी असेल, हे आम्ही जाणतो. परंतु वेगाचा मोह केवळ लक्षाधीशांस होतो असे नाही. तो मोटारसायकलवरील कॉलेजकुमारास होतो, आणि मिस्सेस उशीर झालेल्या गृहस्थासही होतो.

आनंद खोटा नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या आनंदास सरसकट नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विरंगुळा यांचा विचार करताना म्हटले आहे की शरीराप्रमाणे मनासही विश्रांती लागते, आणि मर्यादेत राहून केलेली क्रीडा हा सद्गुणाचाच भाग होय. जी गोष्ट एवढ्या थोर धर्मपंडितास मान्य होती, ती नाकारणारे आम्ही कोण?

शिवाय हा आनंद नुसत्या धावण्याचा नाही. अशा मोटारीचे रहस्य सरळ रस्त्यावर उमगत नाही, ते वळणावर उमगते. मोटार केवढीही बलवान असली तरी रस्त्यास तिचा स्पर्श चारच ठिकाणी होतो, आणि त्यांतील प्रत्येक जागा माणसाच्या तळहाताहून फारशी मोठी नसते. वेग वाढविणे, तो आवरणे आणि वळणे ही तिन्ही कामे या चार तळव्यांनीच करावयाची. त्यांची पकड ही गृहिणीच्या हाती आलेल्या महिन्याच्या पगारासारखी आहे. ती सगळी ब्रेकवर खर्चून टाकली तर वळणासाठी काही उरत नाही, आणि मग मोटार चालकाचे न ऐकता सरळ पुढे निघून जाते. म्हणून जाणता चालक वळणापूर्वी, मोटार सरळ असतानाच वेग उतरवितो, ब्रेकवरील पाय हलकेच उचलीत वळणात शिरतो, आणि पुढची वाट डोळ्यांस स्पष्ट दिसू लागल्यावरच पुन्हा इंजिनास जोर देतो. हे सारे अचूक साधले म्हणजे मोटार रेषेवर ओढलेल्या लेखणीसारखी वळते. हात, पाय, डोळे आणि यंत्र यांचा असा मेळ जमला की मनास जी प्रसन्नता वाटते, ती पेटीवर सूर बरोबर लागलेल्या वादकाच्या प्रसन्नतेहून वेगळी नाही.

त्यात वाट फूता खिंडीची असली म्हणजे बोलावयासच नको. बोलोन्या सोडून दक्षिणेस निघाले की अपेनाइन पर्वत चढू लागतो. आधी ९६८ मीटर उंचीवरील रातिकोझा खिंड लागते, आणि पुढे ९०३ मीटरांवर फूता. दोन्ही बाजूंस चेस्टनट आणि बीचची राने, मधेच उघडी कुरणे, आणि खाली टस्कनीच्या दरीवर तरंगणारे धुके. फूता खिंडीच्या डोंगरमाथ्यावर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. वाऱ्याशी स्पर्धा करीत आलेले मोटारवालेही तेथे इंजिन बंद करून थोडा वेळ उभे राहतात, असे आमच्या तरुण मित्राने सांगितले.

हजार मैलांची शर्यत

हीच ती वाट, जिच्यावरून एकेकाळी जगातील सर्वांत विलक्षण मोटारशर्यत जात असे. तिचे नाव मिल्ले मिल्या, म्हणजे हजार मैल. उत्तर इटलीतील ब्रेशा या गावी चार मित्रांनी ती सुरू केली. आयमो माज्जी, फ्रांको मात्सोत्ती, रेन्झो कास्तान्येतो आणि पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रीनी हे ते चौघे. १९२१ साली इटलीची पहिली ग्रां प्री शर्यत ब्रेशाजवळ झाली होती. परंतु पुढच्याच वर्षी मोंत्सा येथील राजउद्यानात खास शर्यतींसाठी मार्ग बांधण्यात आला आणि तो मान तिकडे गेला. ब्रेशाकरांस ते झोंबले. त्यांनी ठरविले की तुमचा मार्ग उद्यानापुरता असेल तर आमचा मार्ग सारी इटली असेल. ब्रेशाहून रोमला जावयाचे आणि रोमहून ब्रेशास परत यावयाचे, सुमारे १६०० किलोमीटर, तेही नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवरून.

पहिली शर्यत मार्च १९२७ मध्ये झाली. ब्रेशातच तयार झालेल्या ओ. एम. मोटारीत बसून मिनोया आणि मोरांदी या जोडीने ती एकवीस तासांत जिंकली. त्यांचा सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर होता. तीन वर्षांनी तात्सियो नुवोलारी यांनी सरासरी शंभराच्या वर नेली. शर्यतीच्या दिवशी गावोगावचे लोक खुर्च्या घेऊन रस्त्याकडेला बसत, मुलांना खांद्यावर घेत, आणि मोटार गेली की तिच्या क्रमांकावरून ती कितवी हे हिशेब करून सांगत. हिशेब सोपाही होता, कारण १९४९ पासून मोटार ज्या वेळी सुटे तीच वेळ तिचा क्रमांक असे. तो गावोगावचा उत्सवच होता. त्यात तिकीट नव्हते, आणि कुंपणही नव्हते.

१९५५ सालच्या १ मे रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ७२२ क्रमांकाची एक चंदेरी मर्सिडीज ब्रेशाहून सुटली. चालक होते पंचवीस वर्षांचे इंग्रज तरुण स्टर्लिंग मॉस, आणि त्यांच्या शेजारी दाढीवाले पत्रकार डेनिस जेंकिन्सन. तीनशे अश्वशक्तीची आणि आठ सिलिंडरांची ती उघडी मोटार अशी गर्जत असे की एकमेकांच्या कानांत ओरडूनही काही ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून जेंकिन्सन यांनी एक युक्ती योजिली. शर्यतीपूर्वी त्यांनी वाट पुनःपुन्हा पालथी घातली होती. प्रत्येक अवघड वळण, प्रत्येक चढ, रेल्वेचे प्रत्येक फाटक यांची टिपणे त्यांनी सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या एका कागदाच्या पट्टीवर उतरविली आणि ती पट्टी ॲल्युमिनियमच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. डबीच्या खिडकीतून पट्टी सरकवीत वाचावयाची आणि हाताच्या ठरलेल्या खुणांनी चालकास पुढची वाट कळवावयाची, असा तो बेत होता.

वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. समोर चढ आहे, चढापलीकडे काय आहे ते दिसत नाही, मोटारीचा वेग ताशी २७० किलोमीटरांच्या घरात आहे. शेजारचा मनुष्य हाताने खूण करतो की पुढे रस्ता सरळ आहे. आणि चालक त्या हातावर विश्वास ठेवून पाय तसूभरही मागे घेत नाही! पेस्कारा, रोम, सिएना, फ्लॉरेन्स, मग फूता आणि रातिकोझा या खिंडी, बोलोन्या, आणि पुढचा सपाट प्रदेश ओलांडून ती मोटार दहा तास, सात मिनिटे आणि अठ्ठेचाळीस सेकंदांनी ब्रेशास पोचली. सरासरी वेग पडला ताशी १५७ किलोमीटर. हा विक्रम त्या शर्यतीत पुढे कधीही मोडला गेला नाही. आम्ही ही हकीकत वाचली तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आमचेही हृदय धडधडले.

परंतु पुस्तक मिटल्यावर दोन आकडे आमच्या मनात राहिले. १९२७ साली ताशी ७७ आणि १९५५ साली ताशी १५७. अठ्ठावीस वर्षांत वेग दुप्पट झाला. गावांतील गल्ल्या मात्र तितक्याच रुंद होत्या, आणि रस्त्याकडेला बापाच्या खांद्यावर बसलेली मुले तितकीच कोवळी होती.

ग्विदित्सोलोजवळची पाच मुले

इशारा मिळाला नव्हता असे नाही. १९३८ साली याच शर्यतीत बोलोन्या येथे एक मोटार ट्रामच्या रुळांवरून उसळून गर्दीत घुसली आणि दहा जणांचा अंत झाला. त्यांत सात मुले होती. तेव्हा शर्यत थांबविण्यात आली. १९४० साली ती निराळ्या, लहान मार्गावर झाली, मग युद्ध आले, आणि १९४७ मध्ये लोकांनी ती पुन्हा मोठ्या हौसेने सुरू केली. मनुष्याची स्मरणशक्ती त्याच्या हौसेपेक्षा नेहमीच दुबळी असते.

मॉस यांच्या विजयास सहा आठवडेही झाले नव्हते, तोच ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे त्याच जातीची एक मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर आदळून प्रेक्षकांत जाऊन पडली. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटारशर्यतींच्या इतिहासात एवढा मोठा अनर्थ दुसरा नाही. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर घातलेली बंदी अनेक दशके टिकली.

आणि मग १२ मे १९५७ चा दिवस उजाडला. स्पेनमधील उमराव घराण्यातले अल्फोन्सो दे पोर्तागो, वय अवघे अठ्ठावीस, आपले अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन यांच्यासह फेरारी मोटारीतून ब्रेशाकडे परतत होते. सारे डोंगर, साऱ्या खिंडी मागे पडल्या होत्या. उरला होता तो मांतुआ आणि ब्रेशा यांच्यामधील सपाट, सरळ रस्ता. ग्विदित्सोलो गावाजवळ, मोटार अतिशय वेगात असता, एक टायर फुटला. मोटार रस्ता सोडून लोकांत घुसली. पोर्तागो आणि नेल्सन जागीच ठार झाले, आणि त्यांच्यासह नऊ प्रेक्षक. त्या नवांपैकी पाच मुले होती.

त्या वर्षीची शर्यत जिंकली पन्नाशीतील पिएरो तारूफी यांनी. ही शर्यत जिंकली तर पुन्हा शर्यतीत उतरणार नाही, असे वचन त्यांनी पत्नीस दिले होते, आणि ते त्यांनी पाळले. मोटारीचे निर्माते एन्झो फेरारी यांच्यावर खटला भरण्यात आला. तो चार वर्षे रेंगाळला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. दरम्यान १९५८ साली त्यांचा आणखी एक चालक, लुइजी मुस्सो, फ्रान्समधील एका शर्यतीत प्राणास मुकला. तेव्हा व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या वृत्तपत्राने फेरारी यांस स्वतःच्याच पुत्रांना गिळणाऱ्या पुराणकथेतील शनिदेवाची उपमा दिली. शब्द कठोर होते. पण ज्या इटलीत फेरारीचे नाव अभिमानाने घेतले जात असे, त्याच इटलीत ते लिहिले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मिल्ले मिल्याची वेगशर्यत सरकारने बंद केली. ती त्या स्वरूपात पुन्हा कधीच झाली नाही.

येथे आम्हांस आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचा गाभा सापडला. पोर्तागो आणि नेल्सन यांनी धोका जाणून पत्करला होता. तो त्यांनी पत्करावयास हवा होता की नाही, यावर विद्वानांनी वाद घालावा. परंतु त्या पाच मुलांनी काय पत्करले होते? ती आपल्याच गावच्या, आपल्याच शेताकडेच्या रस्त्यावर उभी होती. शूर मनुष्याचे शौर्य त्याच्या स्वतःच्या प्राणापुरतेच असते. दुसऱ्याचा प्राण पणास लावण्याचा अधिकार शौर्याने मिळत नाही, पैशाने मिळत नाही, आणि कौशल्यानेही मिळत नाही. वेगाच्या पापाचे मूळ वेगात नाही. 'ही वाट या क्षणी माझ्या एकट्याची आहे' असे मानण्यात ते आहे.

वेगास हक्काचे घर

मग वेग कोठे अनुभवावा? याचे उत्तर फूता खिंडीपासून थोड्याच अंतरावर मिळते. त्या डोंगरांच्या दक्षिण उतारावर मुजेल्लो नावाचा प्रदेश आहे. तेथेही १९७० पर्यंत सुमारे ६६ किलोमीटरांच्या घाटरस्त्यांवर शर्यती होत असत. त्या बंद पडल्या आणि १९७४ मध्ये स्कार्पेरिया गावाजवळ खास शर्यतीचा मार्ग बांधून तयार झाला. १९८८ पासून तो फेरारी कंपनीच्या मालकीचा आहे. त्याची लांबी ५.२४५ किलोमीटर, वळणे पंधरा, आणि सर्वांत लांब सरळ पट्टा ११४१ मीटरांचा. टेकड्यांच्या कुशीत तो असा चढतो-उतरतो की डोंगरातील वाटच कोणी उचलून तेथे आणून ठेवली आहे असे वाटावे. त्यातील एका वळणजोडीस क्लेमेंते बिओन्देत्ती यांचे नाव दिलेले आहे. मिल्ले मिल्या चार वेळा जिंकणारे तेच एकटे. रस्त्यावरचा वेग मैदानात आला, तो आपल्या पूर्वजांचे नाव घेऊन आला, हे आम्हांस फार आवडले.

शर्यती नसतील अशा काही दिवशी शुल्क भरून सामान्य हौशी चालकांसही आपली मोटार या मार्गावर चालविता येते. शिरस्त्राण घालावे लागते. आधी सर्वांस एकत्र बसवून नियम समजावून सांगतात. पिवळे निशाण दिसले की पुढे संकट आहे, तेव्हा वेग उतरवून सावध व्हावयाचे आणि कोणास मागे टाकावयाचे नाही. लाल दिसले की सर्वांनी सावकाश परत फिरावयाचे. समोरून कोणी येत नाही, आडवे कोणी जात नाही, आणि चुकलेल्या मोटारीस अडविण्यासाठी वाळूखड्यांचे रुंद पट्टे आणि टायरांच्या भिंती असतात. रुग्णवाहिका उभी असते. धोका तेथेही नाहीसा होत नाही. मोंत्साच्या इतिहासातही चालकांचे आणि प्रेक्षकांचे मृत्यू आहेत. परंतु तेथे जो येतो तो जाणून येतो, आणि जो जाणून आलेला नाही त्यास कुंपणापलीकडे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी उचललेली असते.

आमचा तरुण मित्र सांगत होता की मैदानावर पहिल्यांदा गेला त्या दिवशी त्याचा सारा अहंकार उतरला. घाटात स्वतःस निष्णात समजणारा तो, तेथे त्याच्याहून कमी ताकदीच्या मोटारींनी त्यास सहज मागे टाकले. पाच-सहा फेऱ्यांत ब्रेक तापून सैल पडू लागले, टायर घसरू लागले, आणि स्वतःची एकाग्रताही दमली. शिकविणाऱ्या वयस्क गृहस्थाने त्यास एवढेच सांगितले की हात सावकाश फिरव आणि दूर पाहा. फेरी आपोआप जलद झाली. ज्यास वेगाची खरी आवड आहे त्याने असे शिकावे. कारण मोटारीची सीमा कोठे आहे हे जेथे चूक परवडते तेथेच कळते. घाटातील वळणावर ती सीमा शोधणे म्हणजे विहिरीची खोली पाहण्यासाठी अंधारात उडी घेणे होय.

येथे थोडे गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे १०० झाला, तर तिला २५ नव्हे, सुमारे ५० मीटर लागतात. २०० झाला तर सुमारे २००. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हा सृष्टीचा नियम आहे. त्यात, डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. आजच्या कित्येक स्पोर्ट्स मोटारी सातशे-आठशे अश्वशक्तीच्या असतात, आणि उभ्या जागेवरून तीन सेकंदांच्या आसपास शंभराचा वेग गाठतात. इटलीतील साध्या ग्रामीण रस्त्यावरील मर्यादा ताशी ९० आहे. म्हणजे मोटारीची खरी ताकद त्या रस्त्यावर तीन सेकंदांत संपते. उरलेला सारा वेळ चालकाच्या ताकदीचा, म्हणजे संयमाच्या ताकदीचा असतो.

म्हणून सुंदर वाटेवर अशा मोटारीने जाऊच नये काय? अवश्य जावे! वाटेचा आनंद निराळा आहे आणि मैदानाचा निराळा. वाटेवर इंजिनाचा सूर ऐकावा, गिअर हळुवार बदलण्याची कला साधावी, वळण रेखीव घ्यावे, खिंडीत थांबून दरी पाहावी आणि गरम कॉफी घ्यावी. नियम एकच पाळावा. जेवढा रस्ता डोळ्यांस मोकळा दिसतो आहे, तेवढ्यात मोटार थांबविता आली पाहिजे. जेथे डोळा पोचत नाही तेथे शेजारी उभा आहे असे समजावे.

सेकंदाच्या शंभराव्या भागाची स्पर्धा

मिल्ले मिल्याची गोष्ट मृत्यूपाशी संपली असती तर आम्ही ती इतक्या विस्ताराने सांगितली नसती. १९७७ पासून ती पुन्हा भरू लागली. जी मोटारीची बनावट १९२७ ते १९५७ या काळातील शर्यतींत उतरली होती, तीच आज त्यात येऊ शकते. शेकडो जुन्या मोटारी पुन्हा ब्रेशाहून निघतात, रोमला जातात आणि ब्रेशास परततात. मात्र दहा तासांत नव्हे, तर अनेक दिवसांचे मुक्काम करीत. रहदारीचे नियम त्यांनाही लागू असतात. आता जिंकतो तो सर्वांत जलद जाणारा नव्हे. ठरवून दिलेले अंतर ठरवून दिलेल्या वेळेत, ना आधी ना नंतर, जो अचूक कापतो तो जिंकतो. रस्त्यावर आडव्या अंथरलेल्या रबरी नळीवर चाक आले की वेळ नोंदली जाते, आणि ती सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात.

त्याच मोटारी, त्याच खिंडी, तीच गावे. रस्त्याकडेला आजही मुले झेंडे घेऊन उभी असतात. ज्या खेळाने त्यांच्यासारख्यांचे प्राण घेतले होते, त्याच खेळाने आपली महत्त्वाकांक्षा बदलली. अधिक वेगाऐवजी अधिक अचूकपणा हे ध्येय त्याने घेतले. पश्चात्ताप म्हणजे केवळ रडणे नव्हे, वाट बदलणे होय, असे आम्ही व्यासपीठावरून नेहमी सांगतो. त्याचे एवढे स्पष्ट उदाहरण मोटारींच्या जगात सापडेल असे आम्हांस वाटले नव्हते.

वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेल की १९२५ साली पोप पायस अकरावे यांनी रोमची संत फ्रान्सिस्का हिला मोटारचालकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिचा सण ९ मार्च रोजी येतो. पंधराव्या शतकातील या साध्वीने मोटार कोठून पाहिली असणार! परंतु ती रात्री गोरगरिबांच्या सेवेसाठी बाहेर पडे तेव्हा तिचा रक्षक दूत पुढे प्रकाश धरीत असे, अशी परंपरागत कथा आहे. चालकांसाठी मागावयाची कृपा ती हीच. पायास बळ नको, ते यंत्राने भरपूर दिले आहे. पुढची वाट दिसो.

गेल्या महिन्यात आमच्या तरुण मित्राचे पत्र आले. वर्षातून दोनदा तो मुजेल्लोच्या मैदानावर जातो आणि हौस भागवून घेतो. मध्यंतरी एकदा तो मुद्दाम ग्विदित्सोलोच्या वाटेने गेला. तेथे रस्त्याकडेला मृतांचे स्मारक आहे. मोटार दूर उभी करून तो तेथपर्यंत चालत गेला. फूता खिंडीची वाट त्याने सोडलेली नाही. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले आहे, "फादर, चेस्टनटच्या झाडीतल्या त्या वळणावर मी आता नेहमी वेग उतरवूनच येतो. म्हातारबाबा पुन्हा कधी दिसले नाहीत. पण ते तेथे उभे आहेत असे धरूनच मी वळतो. आणि खरे सांगू, वळण घेण्यातला आनंद कमी झालेला नाही."

दाराशी उभे राहून त्याने विचारलेल्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांस देता आले नसते.